खत, वायदा आणि कार्ड

व्याजाचा इतिहास शिकविणें सोपें. आपल्या स्वतःच्या नांवावर पडलेलें व्याज समजून घेणें कठीण. ही गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या ध्यानांत जरा उशिराच आली. गेलीं पंचवीस वर्षें मी वर्गांत १८७५ सालच्या दक्षिणेंतील दंग्यांविषयीं बोलत आलों आहें. सुप्याच्या बाजारांत कुणब्यांनीं सावकारांचीं खतें कां जाळलीं, शंभराचें देणें हजारावर कसें गेलें, निरक्षर माणसाच्या डाव्या अंगठ्याची किंमत काय झाली, हें सर्व फळ्यावर आंकडे मांडून सांगण्याची मला संवयच जडली आहे. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. पदवी घेऊन तो एका कचेरींत नोकरीस लागला आहे, आणि नोकरी लागल्यावर थोड्याच महिन्यांत एका बँकेनें त्याला क्रेडिट कार्ड दिलें होतें. चहा झाल्यावर त्यानें खिशांतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढें ठेवला व म्हणाला, "सर, आईसाठीं कपडे धुण्याचें यंत्र घेतलें, वीस हजारांचें. बँकेनें मागितले तितके पैसे मीं वायद्याच्या दिवशींच भरले. मग देणें कमी व्हायच्या ऐवजीं वाढलें कसें?"

कागद स्वच्छ छापलेला होता. त्यांत लपविलेलें असें कांहींच नव्हतें. तरीहि अर्धा तास डोकें घालून मला तो उलगडेना. शेवटीं मीं म्हटलें, "हा दोन दिवस माझ्याकडे ठेव. सुप्याचा हिशेब मला येतो. तुझा येत नाहीं, ही कांहीं भूषणाची गोष्ट नव्हे." त्या दोन दिवसांत आणि पुढें कांहीं महिन्यांत जें वाचलें व जुळवून पाहिलें तें येथें मांडीत आहें. ज्यांच्या घरीं असा कागद नुकताच येऊं लागला आहे त्यांस त्याचा उपयोग व्हावा, आणि ज्यांस इतिहासाची आवड आहे त्यांस हा विषय आपल्या मुलखाला किती जवळचा आहे हें दिसावें, इतकाच हेतु.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं व्याजाला 'कुसीद' असें नांव देऊन त्याला निषेधापेक्षां नियमांतच अधिक बसविलें. युरोपांत ख्रिस्ती धर्मपीठानें कित्येक शतकें व्याजमात्रासच पाप ठरविलें आणि पळवाटा शोधणाऱ्यांशीं झगडण्यांत काळ घालविला. आपल्याकडे मुख्य वाद व्याज असावें कीं नसावें हा नसून, तें किती असावें व कोठें थांबावें हा होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत वसिष्ठाच्या नांवावर सांगितलेला दर म्हणजे दरमहा मुद्दलाचा ऐंशींवा भाग. शेंकडा सव्वा, म्हणजे वर्षास पंधरा. याज्ञवल्क्यानेंहि तारण असलेल्या कर्जास हाच दर दिला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दरमहा शेंकडा सव्वा पण हें धर्म्य व्याज मानून व्यापाऱ्यांस पांच, अरण्यांतून जाणाऱ्यांस दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांस वीस असे चढते दर दिले आहेत. जेथें मुद्दल बुडण्याची भीति अधिक तेथें व्याज अधिक, हें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे. तारण न घेतां दिलेल्या कर्जास जबर व्याज लावावेंच लागतें, असें बँका आज सांगतात, तेव्हां त्या नवें कांहीं सांगत नाहींत.

परंतु शास्त्रकारांचा दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाइतकें झालें कीं थांबलें. एकूण वसूल दुपटीपलीकडे जातां कामा नये. ऐंशींव्या भागाच्या दरानें सहा वर्षें आठ महिन्यांनीं ही मर्यादा येते. मराठी मुलखांत हाच नियम 'दामदुपट' या नांवानें लोकांच्या तोंडीं राहिला, आणि इंग्रजी अमलांतहि मुंबईच्या उच्च न्यायालयानें हिंदु ऋणकोच्या बाबतींत तो मान्य केला. मात्र या भिंतीला एक खिंडार पहिल्यापासून होतें. फेड करण्यास असमर्थ असलेल्या ऋणकोनें नवें खत लिहून द्यावें आणि न फिटलेलें व्याज त्या नव्या खतांत मुद्दल म्हणून घालावें, अशी सोय त्याच मनुस्मृतींत आहे. खत बदललें कीं व्याजाचें मुद्दल झालें, आणि दामदुपटीची मोजणी पुन्हां पहिल्यापासून सुरू झाली. वाचकांनीं ही खिंड लक्षांत ठेवावी. पुढची सर्व कथा तिच्यांतूनच जाते.

एल्फिन्स्टनच्या वेळच्या १८२७ च्या पांचव्या रेग्युलेशनानें मुंबई इलाख्यांत व्याजाची मर्यादा वर्षास शेंकडा बारा ठरविली होती. ती पाळली जात होती असें नाहीं. 'मनोती'च्या नांवाखालीं आधींच रक्कम कापून घेऊन सावकार ती भरून काढीत. पुढें इंग्लंडांत बेंथमच्या पंथाचें मत प्रबळ झालें. सज्ञान माणसानें स्वखुषीनें केलेल्या करारांत सरकारनें हात घालूं नये, असें त्यानें १७८७ सालींच लिहून ठेवलें होतें. १८५४ मध्यें विलायतेंतील व्याजनिर्बंधाचे कायदे रद्द झाले आणि दुसऱ्याच वर्षीं, १८५५ च्या अठ्ठाविसाव्या ॲक्टानें, इकडचे झाले. लंडनच्या पेढीवरील व्यापारी आणि भीमथडींतील कुणबी हे दोघेहि कायद्याच्या दृष्टीनें सारखेच स्वतंत्र ठरले.

त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. खताची मुदत तीन वर्षें. हेतु चांगला होता. व्याज वर्षानुवर्षें सांचून ऋणको बुडूं नये, हाच. झालें उलट. दर तीन वर्षांनीं सावकार कुळाला बोलावी, मुद्दल आणि व्याज यांची बेरीज करी, आणि त्या बेरजेचें नवें खत करून घेई. पूर्वीं जी खिंड क्वचित् वापरली जाई तिचा आतां राजमार्ग झाला. रयतेच्या रक्षणासाठीं केलेला कायदा चक्रवाढीचें पंचांग होऊन बसला. पुढें नेमलेल्या सरकारी आयोगासमोर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज घेतल्याचें एक प्रकरण आलें, तें अशाच पद्धतीचें फळ.

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, आपल्या कापसाला भाव आला व सावकारांनीं हात सैल सोडून कर्जें दिलीं. युद्ध संपलें, भाव उतरला, सारा मात्र वाढला, आणि सावकारांनीं हात आंखडला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक बाजारांत जमले आणि त्यांनीं सावकारांच्या घरांतून वह्या व खतें बाहेर काढून जाळलीं. पुणें व नगर जिल्ह्यांतील कित्येक गांवीं तेंच झालें. या दंग्यांतील विशेष हा कीं, लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. जें आपणांस वाचतां येत नाहीं पण ज्यानें आपली जमीन जाते, तें नाहींसें करावें, इतकाच त्यांचा तर्क होता.

चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कर्जनिवारणाचा कायदा आला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात. मला तो आपल्याकडील अर्थविषयक कायद्यांतील एक शहाणपणाचा कायदा वाटतो. त्यानें न्यायाधीशास खताच्या पाठीमागें जाण्याचा अधिकार दिला. खतांत काय लिहिलें आहे एवढ्यावर न थांबतां, व्यवहार सुरू झाल्या दिवसापासूनचा इतिहास पाहावा, मुद्दलाचें व व्याजाचें खातें वेगवेगळें मांडावें आणि व्याज सरळ धरावें, असें त्यानें सांगितलें. शिवाय शेतकऱ्यास पैसे भरल्याची पावती मागण्याचा, वर्षाचें हिशेबपत्रक मागण्याचा व पासबुकांत हिशेब लिहून घेण्याचा हक्क दिला. ऋणकोच्या हातीं छापील वा लेखी हिशेब आला म्हणजे अर्धा अन्याय टळेल, ही त्यामागची श्रद्धा. माझ्या विद्यार्थ्याच्या हातीं असा हिशेब होता. म्हणून ती श्रद्धा कितपत खरी ठरली हें पाहण्यासाठीं आतां समुद्रापलीकडे जावें लागेल.

'क्रेडिट कार्ड' हा शब्द एडवर्ड बेलमी या अमेरिकन लेखकाच्या १८८८ मधील 'लुकिंग बॅकवर्ड' या कादंबरींत येतो. परंतु तेथील कार्ड कर्जाचें नव्हे. राष्ट्राच्या उत्पन्नांतील प्रत्येक नागरिकाचा वांटा त्यावर नोंदलेला असे. सावकारी नाहींशी झालेल्या समाजाचें चित्र काढणाऱ्याचा शब्द पुढें सावकारीच्याच सर्वांत व्यापक साधनास मिळावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. प्रत्यक्षांत १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें फ्रँक मॅक्नामारा यानें 'डायनर्स क्लब' काढला. खिशांत पैसे नसतांना उपाहारगृहांत झालेल्या फजितीची जी गोष्ट सांगतात ती जाहिरातवाल्यांनीं मागाहून रचलेली. त्या कार्डावर जेवावें, महिन्याच्या शेवटीं एकच बिल यावें आणि तें सबंध भरावें, असा व्यवहार होता. व्याज नव्हतें. क्लबाचें उत्पन्न दुकानदाराकडून घेतलेल्या शेंकडा सातच्या दलालीवर चाले. आपल्या गांवचा वाणी महिनाभर उधारी लिहून पगाराच्या दिवशीं वही पुढें करतो, त्यापेक्षां यांत फारसें वेगळें कांहीं नव्हतें. मधें एक तिसरा वहीवाला आला, एवढेंच.

खरी क्रांति सप्टेंबर १९५८ मध्यें कॅलिफोर्नियांतील फ्रेझ्नो या गांवीं झाली. बँक ऑफ अमेरिकेनें तेथील लोकांस, कोणी न मागतां, सुमारें साठ हजार कार्डें टपालानें पाठविलीं. यांत नवी गोष्ट ही कीं, महिन्याचें बिल सबंध भरलें तर व्याज नाहीं. पण भरतां न आलें तर थोडें भरून बाकी पुढें ओढावी आणि तीवर वर्षास शेंकडा अठरा व्याज द्यावें. वाण्याची वही आणि सावकाराचें खत हीं दोन वेगळालीं साधनें येथें प्रथम एकाच तुकड्यावर आलीं, आणि कोणत्या क्षणीं पहिल्याचें दुसरें होतें हें ठरविण्याचें काम ऋणकोच्या हातीं, किंबहुना त्याच्या गाफीलपणाच्या हातीं, राहिलें. आरंभीं बँकेलाच ठोकर बसली. शेंकडा चार लोकांचे पैसे थकतील असा अंदाज होता, ते बावीस निघाले. योजनेच्या जनकास, जोसेफ विल्यम्स यास, जावें लागलें. परंतु १९६१ पर्यंत नफा दिसूं लागला, आणि तेंच कार्ड १९७६ पासून 'व्हिसा' या नांवानें जगभर गेलें. अमेरिकन बँकवाल्यांच्या खाजगी बोलींत दरमहा सगळी रक्कम चुकती करणाऱ्या गिऱ्हाइकाला थट्टेनें 'डेडबीट', म्हणजे बुडव्या, म्हणूं लागले. त्या एका शब्दांत धंद्याचें सारें मर्म आहे.

तिकडेहि व्याजाचे निर्बंध होते. मिनेसोटा राज्यांत मर्यादा शेंकडा बारा, म्हणजे आपल्या १८२७ च्या रेग्युलेशनाइतकीच. नेब्रास्कांत अठरापर्यंत मुभा. १९७८ च्या डिसेंबरांत 'मार्केट' खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, राष्ट्रीय बँकेनें ज्या राज्यांत आपलें ठाणें मांडलें असेल तेथील दर तिला सर्व देशांतील गिऱ्हाइकांस लावतां येईल. मग काय विचारावें! साउथ डकोटानें १९८० मध्यें आपली मर्यादा काढून टाकली आणि न्यूयॉर्कच्या सिटीबँकेनें कार्डाचा कारभार तिकडे हलविला. राज्याराज्यांचे निर्बंध कागदावर राहिले; त्यांतला जीव गेला.

आतां मूळ कागदाकडे वळूं. त्यांतील गुंता तीन तारखांचा आहे. पहिली खरेदीची, दुसरी पत्रकाची, म्हणजे ज्या दिवशीं हिशेबाचा महिना बंद होऊन बिल निघतें ती, तिसरी वायद्याची, म्हणजे पैसे भरण्याची शेवटची. माझ्या विद्यार्थ्याचा हिशेबाचा महिना ११ तारखेस सुरू होऊन पुढल्या १० तारखेस संपे, आणि वायदा ३० तारखेचा असे. त्यानें यंत्र ११ जूनला घेतलें. तें १० जुलैच्या पत्रकांत आलें व त्याचा वायदा ३० जुलै झाला; एकूण ४९ दिवस पैसे बिनव्याजी वापरावयास मिळत होते. तेंच यंत्र त्यानें एक दिवस आधीं, १० जूनला, घेतलें असतें तर तें त्याच दिवशीं निघणाऱ्या पत्रकांत पडून वायदा ३० जूनचा आला असता. मुदत अवघी २० दिवसांची. 'पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी' असें जें जाहिरातींत असतें त्यांतील 'पर्यंत' या शब्दाचा हा अर्थ. महिना कोठें कापला जातो हें ज्यास ठाऊक आहे त्यानेंच या मुदतीचा पुरा लाभ घ्यावा.

परंतु ही बिनव्याजी मुदत सशर्त आहे. वायद्याच्या दिवसापर्यंत सबंध रक्कम भरली, तरच ती मिळते. पत्रकावर दोन आंकडे होते. एक एकूण देय, २०,०००. दुसरा 'किमान देय', शेंकडा पांच, म्हणजे १,०००. विद्यार्थ्यानें दुसरा आंकडा पाहिला, आणि 'बँकेनें मागितले तितके' म्हणून ३० जुलैला १,००० भरले. किमान रक्कम भरल्यानें इतकेंच होतें कीं, तुम्ही चुकार ठरत नाहीं व विलंबाचा दंड बसत नाहीं. व्याज मात्र चालू होतें, आणि तेंहि वायद्याच्या दिवसापासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून. जुन्या पेढ्यांवर ज्याला कटमितीचें व्याज म्हणत, म्हणजे प्रत्येक रकमेचें तिच्या मितीपासून दिवस मोजून काढलेलें व्याज, त्याचाच हा प्रकार. दर दरमहा शेंकडा साडेतीन, म्हणजे वर्षास ४२ होता. वीस हजारांचें ११ जून ते ३० जुलै या ४९ दिवसांचें व्याज १,१२८ रुपये, पुढें उरलेल्या १९,००० चें १० ऑगस्टपर्यंतच्या ११ दिवसांचें २४०, एकूण १,३६८. त्या व्याजावर शेंकडा १८ प्रमाणें जी. एस. टी. २४६. सगळी बेरीज २०,६१४. म्हणजे हजार रुपये भरून देणें सहाशें चौदांनीं वाढलें! कोणी म्हणेल, भरलेले हजार पहिल्यापासूनच वजा धरावयास हवे होते. तसें धरलें तरी १९,००० चें ४९ दिवसांचें व्याज १,०७१ होतें, म्हणजे भरलेल्या रकमेहून अधिकच.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मागील बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाहि बिनव्याजी मुदत मिळत नाहीं. भाजीची जुडी घेतली तरी तिचें व्याज त्याच दिवसापासून मोजलें जातें. आणि कार्डावर रोख रक्कम काढली तर बिनव्याजी दिवस मुळींच नाहींत. वर काढणावळहि पडते. सुदैवानें माझ्या विद्यार्थ्यानें यांतलें कांहीं केलें नव्हतें.

हा हिशेब मांडीत असतां मला १८५९ चा कायदा आठवला. तीन वर्षांनीं व्हावयाचें खत येथें दरमहा होतें. प्रत्येक पत्रक म्हणजे एक नवें खत. मागची बाकी आणि मागचें व्याज मिळून पुढच्या महिन्याचें मुद्दल. अंगठाहि उठवावा लागत नाहीं. वसिष्ठाच्या दरानें जें व्याज मुद्दलाइतकें होण्यास ऐंशीं महिने लागतात, तें ४२ च्या दरानें सरळ मोजलें तरी एकोणतीस महिन्यांच्या आंत होतें, आणि महिन्याच्या चक्रवाढीनें मोजलें तर सुमारें वीस महिन्यांतच. आणि तेथें थांबा असें सांगणारी दामदुपट येथें नाहीं.

ती कां नाहीं? मुंबई सरकारच्या १९४६ च्या सावकारी कायद्यानें मुद्दलापेक्षां अधिक व्याजाचा हुकूमनामा न्यायालयानें देऊं नये असें ठरविलें, म्हणजे दामदुपट धर्म न पाहतां सर्वांना लागू केली. महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यांतहि सावकारापुरतें तें तत्त्व ठेवलेलें आहे. पण बँकांचीं कर्जें या कायद्यांच्या बाहेर. उलट १९८४ पासून अमलांत आलेल्या एका कलमानें बँकेचा दर भारी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयांस व्यवहार उकलून पाहण्याची मनाई केली. १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या पाठीमागें जाण्याचें जें दार उघडलें होतें, तें बँकांपुरतें पुन्हां लावून घेण्यांत आलें. याला कारणहि होतें. बँक ही रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीं चालते, तिचे दर जाहीर असतात, तिच्यावर ठेवीदारांच्या पैशाची जबाबदारी असते. तिला गांवच्या सावकाराच्या पंक्तीस बसविणें योग्य नव्हे, ही भूमिका अगदींच पोकळ नाहीं.

आपल्या देशांत बँकेचें पहिलें क्रेडिट कार्ड मुंबईच्या सेंट्रल बँकेनें १९८० मध्यें काढलें असें मानतात. पुढें १९९० नंतर हा व्यवहार पसरला आणि तक्रारीहि वाढल्या. ७ जुलै २००८ रोजीं राष्ट्रीय ग्राहक आयोगानें निकाल दिला कीं, वायदा चुकलेल्या कार्डधारकाकडून वर्षास शेंकडा तीसपेक्षां अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँकांचे दर तेव्हां छत्तीसपासून एकोणपन्नासपर्यंत होते. बँका वर गेल्या. तब्बल सोळा वर्षांनीं, २० डिसेंबर २०२४ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. दर ठरविणें हें आयोगाचें काम नव्हे, देखरेखीचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा आहे, आणि कार्डधारकांस अटींची माहिती दिलेली असते, असा त्यांतील विचाराचा रोख आहे.

रिझर्व्ह बँकेनें स्वस्थ बसून पाहिलें असेंहि नाहीं. २०२२ च्या तिच्या निर्देशांनीं न मागतां कार्ड देण्यास बंदी केली, म्हणजे फ्रेझ्नोचा प्रकार येथें निषिद्ध ठरला. पत्रक वेळेवर धाडून भरण्यास निदान पंधरवड्याची सवड द्यावी, न भरलेले दंड व आकार मुद्दलांत मिळवून त्यांवर व्याज घेऊं नये, वायदा तीन दिवसांहून अधिक उलटल्याखेरीज खातें थकलेलें धरूं नये, किमान रक्कम अशी ठरवावी कीं ती भरणाऱ्याचें कर्ज वाढत जाऊं नये, आणि केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड वर्षानुवर्षें लांबेल हा इशारा पत्रकावर छापावा, असें तिनें सांगितलें. हिशेबाच्या महिन्याची तारीख आपल्या सोयीनें बदलून घेण्याची संधीहि कार्डधारकास दिली. पगार एक तारखेस होणाऱ्यास ती फार उपयोगी आहे. हे नियम चांगले आहेत. १८७९ च्या कायद्यांतील पावती, पत्रक आणि पासबुक यांचेच ते वंशज आहेत. मात्र त्यांत व्याजाला कमाल मर्यादा नाहीं आणि दामदुपटहि नाहीं.

येथें तुलनेचा अतिरेक होऊं नये म्हणून दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. सुप्याच्या कुणब्याला कर्जावांचून गत्यंतर नव्हतें. सारा भरावयाचा होता, बी घ्यावयाचें होतें, आणि तारण म्हणून जमीन होती. माझा विद्यार्थी यंत्र दोन महिने थांबून घेऊं शकला असता. कार्ड तारण मागत नाहीं, जमीन घेत नाहीं. इतकेंच नव्हे, तर जो माणूस दर महिन्यास सबंध रक्कम भरतो त्याला महिना-दीड महिना दुसऱ्याचा पैसा फुकट वापरावयास मिळतो. असा सावकार आपल्या पूर्वजांनीं स्वप्नांतहि पाहिला नव्हता. पण फुकट हा शब्द हिशेबांत नसतो. तो खर्च कांहींसा दुकानदाराच्या दलालींतून निघतो, आणि बराचसा बाकी ओढणाऱ्यांच्या व्याजांतून. तारखा समजणारा माणूस ज्या सवलतीचा उपभोग घेतो तिचे पैसे तारखा न समजणारा किंवा नाडलेला माणूस भरतो, हें मला या साऱ्या वाचनांत सर्वांत अस्वस्थ करणारें वाटलें.

आणि 'माहिती दिलेली असते' याविषयीं काय म्हणावें? १८७५ मध्यें आम्ही म्हटलें कीं, कुणबी निरक्षर म्हणून नाडला गेला. त्याला लिहावाचावयास येऊं लागलें कीं खताचा जुलूम संपेल. माझा विद्यार्थी पदवीधर आहे. मी स्वतः तीन तपें पुस्तकांत घालविलीं आहेत. आम्हां दोघांच्या पुढें छापील कागद होता, त्यावर इशाराहि होता, आणि तरी आम्हांला तो वाचतां आला नाहीं. अक्षरें वाचतां येणें आणि हिशेब वाचतां येणें या दोन वेगळ्या विद्या आहेत. आमच्या शाळांत सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांचीं उदाहरणें सोडवून घेतात, परंतु त्यांत मिती नसते, वायदा नसतो, किमान रक्कम नसते. पूर्वींच्या पेढीवरचा अडाणी कारकूनहि कटमितीचें व्याज तोंडानें काढी. ती विद्या आम्हीं जुनाट म्हणून टाकून दिली, आणि बँकांच्या यंत्रांनीं ती तेवढी जतन करून ठेवली आहे.

माझें मत विचाराल तर, शिक्षण हवेंच. पण त्याच्या जोडीला मर्यादाहि हवी. करार स्वखुषीचा आहे हें बेंथमचें म्हणणें मान्य करूनहि, एका कर्जावर एकंदर व्याज मुद्दलापलीकडे जाऊं नये, एवढी मर्यादा बँकांच्या कार्डांनाहि घालण्यांत कोणाचें फारसें बुडेल असें वाटत नाहीं. जें गांवच्या सावकारास लागू आहे तें अधिक श्रीमंत सावकारास लागू नसावें, याचें समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलें नाहीं.

दोन दिवसांनीं विद्यार्थी आला तेव्हां मीं हा सगळा हिशेब त्याच्यापुढें मांडला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, वर्गांत सुप्याचा धडा झाला तेव्हां आम्ही त्या लोकांना हंसलों होतों. न वाचतां अंगठा कसा काय देतात, म्हणून." मीं त्याला दुसरें कांहीं सांगितलें नाहीं, घरीं ठेवीची एखादी पावती आहे का, एवढेंच विचारलें. होती, त्याच्या आईच्या नांवची. तिचें व्याज कार्डाच्या व्याजाच्या पांचव्या हिश्श्याइतकेंहि नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मायलेकांनीं ती मोडून कार्डाचें सर्व देणें एकदम फेडलें. पुढच्या पत्रकांत मधल्या कांहीं दिवसांचें थोडें व्याज आणखी आलें, तेंहि त्यानें भरलें. आतां तो आईला ते पैसे दरमहा परत देतो आणि तिनें दिलेल्या वहींत मिती घालून लिहून ठेवतो. येत्या वर्षीं १८७५ चा धडा येईल तेव्हां, त्याच्या परवानगीनें, नांव झांकून, त्याचा तो कागद मी वर्गांत नेणार आहें.